जप्त झालेल्या वह्या

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वैशाखातला हा उकाडा, घरोघर चाललेली लग्नांची घाई आणि परीक्षांच्या निकालांची धास्ती, या साऱ्यांतून वेळ काढून आपण एवढ्या संख्येने या मांडवात येऊन बसला आहात, याचे श्रेय न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात व्याख्यानमालेची जी प्रथा पाडली आणि गावोगावच्या मंडळींनी जी पुढे आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलून धरली, त्या प्रथेला आहे. तिचा इतिहास या व्यासपीठावरून आपण अनेकदा ऐकलेला असल्यामुळे तो मी सांगत बसत नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी लेखन’ असा छापला आहे. विषय फार विस्तीर्ण आहे आणि माझे म्हणणे त्यातील एकाच गोष्टीविषयी आहे. ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही म्हणून आरंभीच सांगून टाकतो. आपल्या अनुभवाविषयी, आपल्या माणसांविषयी, आपल्या मताविषयी जे काही लिहावयाचे, त्याचा पहिला खर्डा मनुष्याने स्वतः करावा, तो यंत्राच्या हवाली करू नये, अशी माझी दृढ श्रद्धा आहे, आणि आज येथून उठण्यापूर्वी ती आपणांपैकी काही जणांच्या गळी उतरावी अशी माझी इच्छा आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर काय घडले हे प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर दिसतच आहे. तेव्हा यंत्राच्या अंतर्रचनेचे निरूपण मी करीत नाही. माझ्या मुद्द्यापुरते एवढेच ध्यानात असू द्यावे, की प्रचंड मजकुराच्या अभ्यासावरून कोणत्या शब्दखंडामागून कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, याचे गणित हे यंत्र शिकलेले असते. त्यावर पुन्हा माणसे नेमून, कोणते उत्तर लोकांना अधिक पसंत पडते याचेही वळण त्याला लावलेले असते. आणि म्हणून जे पुष्कळांनी पुष्कळदा लिहून ठेवले आहे व जे सहसा कोणाला बोचणार नाही, त्याच्याकडे त्याचा कल स्वभावतःच असतो. शिवाय ज्या मजकुरावर ते पोसले गेले त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीचा वाटा फार लहान. त्याचे मराठी वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असूनही परक्या मुलखातून आल्यासारखे का वाटते, याचे कारण यात आहे. प्रत्येक गोष्ट ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावू’ लागते, प्रत्येक माणूस ‘प्रेरणादायी प्रवास’ करू लागतो, आणि लिहिणारा कोकणातला की वऱ्हाडातला याचा पत्ता पानभर मजकुरात कोठेही लागत नाही.

एका गावी एका निवृत्त शिक्षकांच्या शोकसभेस मी उपस्थित होतो. प्रथम त्यांचे एक विद्यार्थी बोलले, ते आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. नंतर त्यांचे एक सहकारी बोलले. दोघांनीही मोबाइल समोर धरून भाषण वाचले, आणि दोन्ही भाषणांत गुरुजी ‘ज्ञानाचा दीपस्तंभ’ होते, दोन्हींत त्यांच्या जाण्याने ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ निर्माण झाली होती, आणि दोन्हींचा शेवट जवळजवळ एकाच वाक्याने झाला. सभेत कोणी चकित झाले नाही, कारण अशा भाषणांची आता सवय झाली आहे. मग शाळेचा जुना शिपाई उठला. त्याच्या हातात काही नव्हते. तो म्हणाला, गुरुजी परीक्षेच्या वेळी वर्गात शिरताना चपला बाहेर काढून ठेवीत, कारण त्यांच्या चपला करकरत आणि एकदा त्या आवाजाने एक पोर दचकून रडू लागले होते. त्या दिवसापासून ते पुढे सेवेत होते तोवर परीक्षेच्या हॉलमध्ये ते अनवाणी हिंडले. एवढे सांगून तो खाली बसला. त्या दोन वक्त्यांपाशी अशा आठवणी नसतील असे मला क्षणभरही वाटत नाही. एकाने त्यांच्या हाताखाली वर्षे काढली होती, दुसऱ्याने त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. आदल्या रात्री कागद पुढे घेऊन ते तासभर बसले असते, पहिली चार वाक्ये खोडली असती, पाचव्या वाक्याशी अडून ‘खरोखर मला त्यांचे काय आठवते’ असा प्रश्न स्वतःस विचारला असता, तर त्या अडण्यातून काहीतरी वर आले असते. यंत्राने त्यांना अडू दिले नाही. भाषण तयार मिळाले, आणि गुरुजींविषयी विचार करण्याची ती एक रात्र त्यांच्या आयुष्यातून गेली.

हे अडणेच मला मोलाचे वाटते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मंडालेच्या वह्यांचे उदाहरण ओझरते सांगावे असा माझा बेत होता. पण ते ओझरते सांगण्यासारखे नाही.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात झाली, हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. कागदाची हकीकत तितकी ठाऊक नसते. कैद्याला सुटे कागद द्यावयाचे नाहीत, बांधीव वह्या द्यावयाच्या, त्यांची पाने मोजून त्यांवर आकडे घालून द्यावयाची, म्हणजे एखादे पान बाहेर गेले तर ताबडतोब उघडकीस यावे. शाई द्यावयाची नाही, शिसपेन्सिली द्यावयाच्या, आणि त्याही टोके काढून. पुस्तकेही प्रथम एका वेळी मोजकीच, तक्रारीनंतर ती अट सैल झाली. अशा बंदोबस्तात, मधुमेहाने पोखरलेल्या प्रकृतीचा, वयाची चोपन्न वर्षे उलटलेला एक मनुष्य १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, पेन्सिलीने लिहीत बसला, आणि त्या चारपाच महिन्यांत ‘गीतारहस्या’चा पहिला खर्डा त्याने हातावेगळा केला. विषय मात्र त्या हिवाळ्यात सुचलेला नव्हता. १८७२ साली वडील अंथरुणास खिळले असताना सोळा वर्षांचा हा मुलगा त्यांना गीतेवरची एक मराठी टीका वाचून दाखवीत असे, आणि तेव्हापासून गीतेचे तात्पर्य काय हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला होता, असे त्यांनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे. प्रश्न मनात शिरल्यापासून खर्डा हातून उतरेपर्यंत अडतीस वर्षे! या अवधीत व्याख्याने झाली, संभाषणे झाली, वाचन तर अखंड चालू होते. परंतु प्रकरणामागून प्रकरण लागून विचाराची साखळी पुरी झाली ती वही पुढे आल्यावर.

आणि आता ज्यासाठी मी ही गोष्ट काढली तो भाग. जून १९१४ मध्ये लोकमान्य सुटून पुण्यास आले, पण वह्या आल्या नाहीत. त्या तपासणीसाठी सरकारने ठेवून घेतल्या, दिवस जाऊ लागले, आणि मंडळी धास्तावली, की इतक्या कष्टाचा ग्रंथ सरकारच्या दफ्तरातच गडप होणार. लोकमान्य मात्र निश्चिंत होते. वह्या सरकारपाशी असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, सिंहगडावरील बंगल्यात जाऊन बसेन आणि पुन्हा लिहून काढीन, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. पुढे वह्या परत मिळाल्या, मंडालेत हाताशी नसलेल्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी खर्ड्यात भर घातली, आणि १९१५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. वह्या परत आल्या म्हणून आपण त्या उत्तराचा विचार करण्याचे सोडून देतो. एवढा मोठा ग्रंथ पुन्हा लिहीन असे एखादा मनुष्य शांतपणे म्हणू शकतो, याचा अर्थ त्या पाच महिन्यांत वहीत जितके उतरले त्याहून अधिक लिहिणाराच्या आत उतरले होते. यावरून मी आपल्यापुरती एक कसोटी ठरविली आहे, तिला मी जप्तीची कसोटी म्हणतो: तुमचा लेख, तुमचे भाषण, तुमचे पत्र उद्या कोणी जप्त केले, तर तुमच्यापाशी काय शिल्लक राहील?

(मागील रांगेतून एक श्रोते: टिळकांच्या वेळी चॅटजीपीटी असते तर?)

तर सरकारने मंडालेच्या तुरुंगात इंटरनेट जोडून दिले नसते! (हशा.) पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही; त्याचे उत्तर ‘गीतारहस्या’च्या त्याच प्रस्तावनेत आहे. त्यांच्या काळातही तयार उत्तर मिळत होते, आणि ते आजच्या यंत्राच्या उत्तरापेक्षा कितीतरी अधिकारी होते. शांकरभाष्य होते, रामानुजभाष्य होते, मध्वाचार्यांचे होते, ज्ञानेश्वरी होती. त्या सर्वांचा अभ्यास करूनही समाधान होईना, तेव्हा त्यांनी साऱ्या टीका आणि भाष्ये बाजूस ठेवली आणि नुसती मूळ गीता पुन्हा पुन्हा वाचून स्वतः निर्णय केला. तो निर्णय सर्वांना मान्य झाला असे नाही. पण तो त्यांचा होता.

टिळक लोकोत्तर पुरुष होते, त्यांची गोष्ट आम्हां सामान्यांना काय लागू, असे कोणी म्हणेल. म्हणून सामान्यांचीही एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधील संशोधकांनी २०२५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५४ जणांचे तीन गट केले आणि सर्वांना निबंध लिहावयास सांगितले. एका गटाला चॅटजीपीटी दिले, दुसऱ्याला इंटरनेटवरील शोधाची साधने दिली, तिसऱ्याला काहीच दिले नाही. निबंध झाल्यावर, आपल्याच निबंधातील एक वाक्य सांगा, असे म्हटले तेव्हा चॅटजीपीटीच्या गटातील बहुसंख्य लोकांना ते धड सांगता आले नाही. प्रयोग लहान आहे आणि एवढ्यावरून मोठे सिद्धांत उभारणे उचित होणार नाही. तथापि निबंध नुकताच लिहून झालेला, कोणी जप्त केलेला नाही, आणि त्यातले एक वाक्य सांगता येत नाही, हे ऐकून मला सिंहगडाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

अध्यक्षांनी एक चिठ्ठी पुढे केली आहे. ‘बहिणाबाई चौधरी लिहीत नव्हत्या, मग त्यांचे काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली, आणि १९५१ साली त्या वारल्यानंतर पुढल्याच वर्षी, आचार्य अत्र्यांनी मोठा पुढाकार घेतल्यामुळे, ती पुस्तकरूपाने जगापुढे आली. पण माझ्या कसोटीला त्या जितक्या उतरतात तितका कोणीच उतरत नाही. त्यांच्यापाशी जप्त करण्यासारखा कागदच नव्हता, सगळे गाणे त्यांच्याजवळ होते. लेखणी कोणाच्या हातात आहे याच्याशी माझे भांडण नाही. लोकमान्य ‘केसरी’चे अग्रलेख पुष्कळदा तोंडी सांगत आणि लेखनिक उतरून घेई, व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथाही आपणांस ठाऊक आहे, आणि तिच्यात अर्थ समजल्याखेरीज अक्षर लिहू नये ही जी अट व्यासांनी लेखनिकाला घातली तीही आठवत असेल. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका तर शाळेतील मुलेही सांगतात. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयास सवड झाली नव्हती, महाराजांनी वाचावयास सांगितले, आणि बाळाजीने कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र अस्खलित वाचून दाखविले. इतिहाससंशोधक पुराव्याअभावी ती दाखल करून घेणार नाहीत. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती प्रेमाने जतन केली, कारण कागद कोरा असूनही पत्र तयार असू शकते ही गोष्ट त्यांना पटत होती. टाइप करा, बोलून लिहवा, बोरूने मोडीत लिहा. सुंदर अक्षराचा महिमा हा समर्थ रामदासांच्या ‘लेखनक्रिया’ समासाचा विषय आहे, माझा नाही. वाक्य जुळविण्याची खटपट तुमची असली पाहिजे, एवढेच माझे मागणे.

आणखी एक चिठ्ठी आहे. ‘आपण विज्ञानाला विरोध करीत आहात. गरिबाला यंत्रामुळे लिहिता येऊ लागले ते आपणांस खुपते काय?’ या चिठ्ठीने मला दुःख झाले, म्हणून तिचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. ज्याला दिसत नाही त्याला यंत्र वाचून दाखविते, ज्याचा हात चालत नाही त्याचे बोलणे अक्षरांत उतरविते; याला विरोध करणारा मनुष्य निर्दय म्हटला पाहिजे. कचेरीच्या आवारात झाडाखाली मेज मांडून बसणारे अर्जनवीस आपण पाहिले आहेत. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर बसणारे पत्रलेखक गिरणीकामगारांची पत्रे आणि मनिऑर्डरी वर्षानुवर्षे लिहीत आले. सातबाराच्या उताऱ्यावर नाव चुकले आहे, ते दुरुस्त व्हावे असा तहसीलदारांना अर्ज करावयाचा आहे, आणि शेतकऱ्याने तो यंत्राकडून लिहवून घेतला, तर त्याचा एक खेप मारण्याचा खर्च वाचला याचा मला आनंदच आहे. त्या अर्जात शेतकऱ्याचे मन उतरावयाचे नसते. गट नंबर उतरावयाचा असतो. मात्र तो नंबरही त्याने स्वतः ताडून पाहावा. झाडाखालचा अर्जनवीस आपल्या पदरची हकीकत अर्जात घुसडीत नसे, आणि हे यंत्र ती निःशंकपणे घुसडते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरविलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टाने ५,००० डॉलरांचा दंड ठोठावला. कायदा शिकलेल्यांची ही गत, तर अडाणी पक्षकाराचे काय होईल याचा विचार चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांनी करावा.

आणि गरिबाच्या लिहिण्याविषयी म्हणाल, तर आता मी ज्या मुलीविषयी बोलणार आहे तिच्याहून दरिद्री आणि तिच्याहून निराधार लेखक मराठीत दुसरा दाखवून द्यावा.

१८५५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या दोन अंकांत एक निबंध छापून आला. विषय मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुक्ताबाई, मांग जातीतील एक कोवळ्या वयाची मुलगी, जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. तिचे आडनाव साळवे हे आज आपण आदराने घेतो. शाळेत येऊन तिला थोडीच वर्षे झाली होती. तिच्यापूर्वी तिच्या घराण्यात कोणी निबंध लिहिला नव्हता, जातीत लिहिला नव्हता. नमुना म्हणून पुढे ठेवावा असा मजकूरच जगात नव्हता. हे आपण नीट लक्षात घ्या, कारण पूर्वी लिहिल्या गेलेल्या मजकुरावर जे पोसलेले असते त्या यंत्राला १८५५ सालापर्यंतचा सारा मराठी मजकूर दिला असता, पोथ्या दिल्या असत्या, बखरी दिल्या असत्या, पंडित कवींचे सगळे काव्य दिले असते, तरी त्यातून हा निबंध निघाला नसता. त्या मजकुरात त्या मुलीला जागाच नव्हती. ती विचारते, की वेद आमचे नव्हेत, ते पाहण्याचाही आम्हांस अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हे देवाने सांगावे. बाजीरावाच्या अमलात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याच्या शिराचे काय होत असे, ते ती गुलटेकडीच्या मैदानाचे नाव घेऊन सांगते. आणि मग, अनेक विद्वानांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगते: बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर धड छप्पर नसते, थंडी-पाऊस अंगावर घेऊन त्या काय सोसतात, याचा आपल्या अनुभवावरून विचार करा, असे ती वाचणारांना बजावते.

या छपराच्या उल्लेखापाशी मी नेहमी थांबतो. धर्माचा प्रश्न तिने शाळेत ऐकला असेल, पेशवाईच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. पण पावसात बाळंत होणारी स्त्री तिला कोणी सांगितलेली नसणार, ती तिने पाहिली असणार. निबंध लिहीत असताना, पाटीवर असो की कागदावर, कोठेतरी अडल्यावर ती तिला आठवली असली पाहिजे. आज आपण मुलांना ‘दारिद्र्य: एक सामाजिक समस्या’ असा विषय देतो, आणि मूल तो यंत्रात घालते, आणि दहा सेकंदांत कारणे, परिणाम, उपाय असा सुबक निबंध मिळतो, त्यात आकडे असतात, योजनांची नावे असतात, आणि गळक्या छपराखालची आपली स्वतःची आई नसते. ज्या मुलाच्या घराचे छप्पर खरोखर गळते त्याची यात केवढी हानी आहे! त्याला एकदाच संधी होती सांगण्याची, आणि ती आपण त्याला घेऊ दिली नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांना माझे हेच सांगणे आहे, की यंत्राने लिहिल्यामुळे गरीब बोलू लागत नाही. सुखवस्तू लोकांनी गरिबाविषयी जे लिहून ठेवले तेच त्याच्या तोंडी घातले जाते. (टाळ्या.)

तसेच ताराबाई शिंद्यांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, आणि बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापले. वाक्ये लांबलचक, एका दमात पाच-पाच आरोप, शब्द कधी माजघरातले, कधी रस्त्यावरचे, राग कोठेही आवरलेला नाही. शिष्टांनी नाके मुरडली, जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू उचलून धरली. आता कल्पना करा, की छापण्यापूर्वी तिने आपला मजकूर एखाद्या यंत्रापुढे ठेवला असता आणि ‘भाषा सुधारून द्या’ असे म्हटले असते. भाषा सुधारली असती. वाक्ये आखूड झाली असती, आरोपांची वर्गवारी झाली असती, शेवटी स्त्री आणि पुरुष ही संसाररथाची दोन चाके आहेत असा समतोल परिच्छेद आला असता, आणि ज्या पुस्तकाला आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटूनही वाचताना कान तापतात, ते कोणत्याही दिवाळी अंकात खपण्याजोगे झाले असते. जे खर्डे आपले नाहीत त्यांची हानी उघड दिसते. स्वतःच्या खर्ड्यावर ‘सुधारून द्या’ हे बटण दाबून आपण कशावर पाणी सोडतो ते मात्र दिसत नाही, कारण जे गेले ते कधी वाचलेलेच नसते.

अध्यक्षांच्या सहायकांनी घड्याळ दाखविले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी मी आज बोलणार होतो, शाळा न पाहिलेली ही बाई लग्नानंतर घरातच लिहावयास शिकली आणि उतारवयात तिने मराठीतले उत्कृष्ट आत्मचरित्र लिहिले, एवढेच सांगून तो भाग सोडतो. वर्तमानपत्रांतील बातम्या आणि भाषांतरे यांविषयीचे टिपणही बाजूस ठेवतो. मात्र या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे एक व्यावहारिक सूचना मांडल्याखेरीज मला बसता येणार नाही.

मंडळ दर वर्षी विद्यार्थ्यांची निबंधस्पर्धा घेते. यंदापासून तीत तीन फेरफार करावेत. पक्क्या प्रतीबरोबर कच्चा खर्डा मागावा, खाडाखोडीसह, आणि परीक्षकांनी तोही वाचावा. विषय असे द्यावेत की ज्यांचे उत्तर त्या मुलापाशीच आहे: नळाला पाणी येते त्या वेळचे आमचे घर; आमच्या आळीतले एक भांडण आणि त्यात कोणाची बाजू मला पटली; मला न आवडणारा नातेवाईक. (हशा.) हसू नका; त्या विषयावर मुले फार चांगले लिहितील. आणि अंतिम फेरीस निवडलेल्या मुलांना बोलावून, त्यांचा निबंध परीक्षकांनी आपल्याजवळ ठेवून घ्यावा आणि म्हणावे, आता कागदाशिवाय सांग. शब्द तेच असण्याची गरज नाही. ज्याने लिहिला तो सांगेल, बहुधा लिहिल्याहून चांगला सांगेल. निम्मे गुण याला असावेत. खर्च काही नाही, परीक्षकांचा एक दिवस अधिक जाईल, आणि तो देण्यास मी स्वतः तयार आहे.

शेवटची चिठ्ठी एका विद्यार्थिनीची दिसते, अक्षर वळणदार आहे. ‘माझे शुद्धलेखन वाईट आहे. बाई रागावतात. मी लिहून झाल्यावर यंत्राकडून तपासून घेतले तर चालेल का?’ बेटा, खुशाल घे. ऱ्हस्वदीर्घाकरिता आम्हीही शब्दकोश उघडतोच. परंतु त्याला सांग, की चूक कोठे आहे तेवढी दाखव, वाक्य बदलू नकोस. आणि तरीही त्याने वाक्य बदलून दिले तर ते उतरून घेऊ नकोस, चूक पाहा आणि आपल्या वाक्यात आपल्या हाताने दुरुस्त कर. आणि तुझ्या बाई सभेला आल्या असतील तर त्यांना माझी विनंती आहे, की लाल शाईने चुका दाखविल्यावर त्याच पानाच्या समासात तिने लिहिलेल्या एखाद्या गोष्टीविषयी एक प्रश्नही विचारावा. म्हणजे पुढचा निबंध कोणासाठी लिहावयाचा ते तिला कळेल.